सोडलेलं दूध

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडं धरला आणि नडगीवरची केसासारखी बारीक रेघ बोटानं दाखवली.

"पडली होतीस का कुठं?"

"न्हाई," दिशा म्हणाली. "कॅनॉलच्या रस्त्यानं पळत हुते. मधीच कळ आली आन् पाय टेकवंना. आदीपासून दुखत हुतं, पर इतकं न्हाई."

ज्योती शेजारच्या स्टुलावर पोरीचा बूट मांडीवर घेऊन बसली होती. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे धावण्याची परीक्षा, पंधरवड्यावर आलेलं. राहात्याला येईपर्यंत जीपमध्ये ती स्वतःला समजावत आली होती, की मुरगळला असेल. पट्टी बांधतील, चार दिवसांत पोर पळायला लागेल.

"न पडता हाड चिरलंय," डॉक्टर म्हणाले. "रोज एवढी पळतेस, खातेस काय?"

दिशानं सांगितलं. सकाळी कोरा चहा. दुपारी अर्धी भाकरी. रात्री काकडी, नाहीतर काहीच नाही. अंग हलकं तर पाय हलका, असं भरतीच्या अकॅडमीतले सर सांगायचे.

"पाळी येते वेळेवर?"

पोरीनं मान खाली घातली. "लई महिनं झालं. न्हाई आली."

ज्योतीनं चमकून तिच्याकडं पाहिलं. रोज रात्री दोघी शेजारी झोपायच्या, आणि हे तिला माहीत नव्हतं.

डॉक्टर चिडले नाहीत. "हाड म्हणजे काय दगड असतो का गं? जिवंत असतं ते. रोज झिजतं, रोज भरून निघतं. तू त्याला पळवलंस, पण भरायला काही दिलंच नाहीस." मग ते ज्योतीकडं वळले. "पोटभर जेवू घाला तिला. डाळी, अंडी, नाचणी. आणि दूध. पुणतांब्याचे ना तुम्ही? घरी गाया असतील."

"हायेत."

"मग?"

दिशा आईकडं बघत होती. ज्योतीनं मांडीवरचा बूट घट्ट धरला. "दूध सोडलंय तिनं," ती म्हणाली. "देवीला."

सोडलंय म्हणाली खरी, पण सोडायला लावलं होतं तिनंच. पहिल्या भरतीत दिशा थोडक्यात हुकली, तेव्हा तिचा बाप रामहरी म्हणाला होता, "आजून एक डाव बघू. न्हाई जमलं तर स्थळं बघायची." त्या साली घटस्थापनेला ज्योतीनं देवीपुढं पदर पसरला. पोरीच्या अंगावर खाकी चढेपर्यंत दूध, दही, तूप तिच्या तोंडाला लागणार नाही. स्वतःच्या नावानं सोडायचं तर ज्योतीकडं सोडण्यासारखं काही नव्हतंच. सगळं दूध डेअरीला घालून ती जन्मभर कोराच चहा पीत आली होती. दिशाला मात्र दूधभात जिवापाड आवडायचा. देवीला आवडीचंच द्यावं लागतं.

डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं. दोन महिने पाय टेकवायचा नाही, म्हणाले. पळायचं कधी, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

संध्याकाळी रामहरीनं धारा काढल्या. पोरीला जीपमधून उचलून खाटेवर ठेवून तो तडक गोठ्यात गेला होता. किटल्या भरायच्या आधी ज्योतीनं पेलाभर दूध काढून घेतलं, तापवलं, साखर घातली आणि खाटेपाशी गेली.

"घे."

दिशानं हात पुढं केला नाही. "नवस हाय ना, आई."

"देवीचं मी बघून घेईन. तिची वटी भरीन, माफी मागीन. तू पी."

"माफी तू कशाला मागती?" दिशा म्हणाली. "नवस म्या मोडलाय. अकॅडमीतल्या रुपालीची निवड झाली ना, तवा तिनं माज्या तोंडात पेढा घातला. म्या थुकला न्हाई. लई गोड लागला, आई. म्हनून देवीनं पाय मोडला माजा."

ज्योती खाटेच्या कडेवर बसली. किती दिवस हे पोर हे मनात घेऊन पळत होतं?

"पेढ्यानं न्हाई गं बाई झालं," ती म्हणाली. "रोज पेढा मिळाला असता तर झालं नसतं. देवीनं काय केलं न्हाई तुला. तुज्या आईनं केलं."

दिशानं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ती पेल्याकडं बघत होती. दुधावर साय धरत चालली होती. बाहेर रामहरीनं मोटरसायकलला किटल्या अडकवल्या आणि तो डेअरीच्या वाटेला लागला.

मोटरसायकलचा आवाज लांब गेला. मग लहानपणी विचारायची तसं दिशानं विचारलं, "हे पिलं, म्हंजी मग मी पोलीस व्हनार न्हाई ना?"

ज्योतीच्या ओठावर पुढलं साल आलं, पुढली भरती आली. पण एकदा देवीपुढं शब्द देऊन झालं होतं. आता पोरीपुढं तसलं काही बोलायची तिची छाती होईना. तिनं पेला दिशाच्या हातात दिला आणि तिची बोटं त्याच्याभोवती मिटवली.

"गार व्हतंय," ती म्हणाली. "पी."

दिशानं डोळे मिटले आणि कडू काढा प्यावा तसं ते दूध एका दमात पिऊन टाकलं.