बोटांनी वाचलेला आलेख

“ताई, मला सांगू नकोस, बोटांना कळू दे,” धाकटा भाऊ म्हणाला होता. दृष्टी गेल्यापासून सगळं त्याला दुसऱ्यांकडूनच ऐकावं लागे. क्रिप्टो चलनाच्या किमतीचे आलेख तरी त्याला स्वतः वाचायचे होते. “रोज कापडावर सुईदोऱ्याने भरून देईन,” मी शब्द दिला. मग जप आटोपून किमतीच्या सरासरीच्या दोन रेघा भरल्या: दहा दिवसांची बारीक रेशमाने, पन्नास दिवसांची जाड लोकरीने. बारीक रेघ जाड रेघेला ओलांडून वर गेली, तर किंमत चढण्याची शक्यता, असं तो शिकला होता. त्याची बोटं सरकत थबकली. “ही गाठ बाजाराची की तुझी?” “माझीच,” मी हसले. बोटं पुढे गेली. “इथे! रेशीम वर आलंय!” मी मोबाईलवरच्या आलेखाशी ताडून पाहिलं, अगदी तिथेच. “मग घ्यायचं का रे?” “छे, हे कालपर्यंतचं. आजचं कुठाय?” मी आजच्या टाक्यासाठी पुन्हा सुई ओवली.