अडीच तासांवर सासू

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी या सासूसुनेचं कधी वाजलं म्हणून नव्हतं. सून यादिरा समुद्रकाठच्या पुएर्तो एस्कोन्दिदोला, सासू कान्दिदा डोंगरापलीकडे वाहाका शहरात, आणि मधे घाटातली सात तासांची वळणं.

"आई, या ना चार दिवस," यादिरा दर रविवारी फोनवर आग्रह करायची.

"जीव तुटतो गं यायला, पण त्या वळणांनी आतडी तोंडाशी येतात!" सासू म्हणायची. मग दोघी मिळून त्या मेल्या घाटाला यथेच्छ शिव्या घालायच्या.

यंदा डोंगर फोडून नवा रस्ता झाला. सात तासांचे अडीच झाले. नवरा फेरमिन हुरळला आणि त्यानं आईला नव्या रस्त्याच्या गाडीचं तिकीट पाठवून दिलं. त्या रविवारी यादिरानं फोनवर आग्रह केलाच नाही.

अडीच तासांत यायची सासू सात तासांनी स्टँडवर उतरली. चेहरा पांढराफटक, नाकाशी लिंबू, हातात ओकायची पिशवी.

"एवढा वेळ? म्हणजे नवा रस्ताही असलाच?" फेरमिन हादरला.

"पुन्हा नाही रे बाबा हा प्रवास! आता फोनवरच काय ते बोलू."

तो शहाळं आणायला पळाला, तसा सासूनं सुनेचा हात घट्ट धरला.



"त्याला बोलू नकोस हं. मुद्दाम जुन्याच रस्त्यानं आले. अडीच तासांवर राहून आपलं प्रेम टिकायचं नाही, पोरी!"