यकृताला टाळणारी शीर

खाणं झालं की ते यॉर्कशायर टेरिअरचं पिल्लू भिंतीला डोकं टेकून उभं राहायचं. प्रिटोरियाच्या दवाखान्यात डॉक्टर नालेदीने त्याच्या मालकिणीला, कुत्री पैदा करून विकणाऱ्या हेस्टरबाईंना, समजावलं, "मावशी, जन्मापासून याची एक शीर यकृताला टाळून जातेय. रक्तातलं विष थेट मेंदूत चढतं. ऑपरेशन करून ती बंद करता येईल. पण हा दोष आईबापांकडून येतो. याच्या आईला पुन्हा गाभण राहू देऊ नका."

हेस्टरबाईंनी मान डोलावली.

मुठीएवढ्या पोटात नालेदी दोन तास ती शीर शोधत होती. सापडल्यावर तिने शिरेभोवती हळूहळू आवळत जाणारं कडं बसवलं. तीन महिन्यांत पिल्लू हुंदडायला लागलं.

वर्षभराने हेस्टरबाई टोपली घेऊन आल्या. आत त्याच आईचं नवं वेत होतं. तिघांपैकी दोन पिल्लं लाळ गाळत झोकांड्या खात होती.

नालेदीने त्यातलं एक पिल्लू उचलून टेबलावर ठेवलं. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगितलं होतंस गं. पण ते पहिलं किती छान बरं केलंस तू! ते बघूनच तर मला धीर आला."