मुठीतला काटा

साबिराची नजर मावळत चालली होती, तरी सारसोळ्याहून आणलेल्या माशाचे काटे काढून नवऱ्याला, नझीरला, भरवण्याचा चाळीस वर्षांचा हक्क तिने सोडला नव्हता. एके दिवशी घास त्याच्या घशात अडकला, श्वासच थांबला.

“अब्बा, वाका!” मुलीने, आफरीनने, त्याला पुढे झुकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताचे फटके दिले. चौथ्या फटक्याला घास बाहेर पडला. त्यातला काटा नझीरने मुठीत लपवला.

“काटा राहिला होता का हो?” साबिराने ताटावर बोटं फिरवत विचारलं.

“छे गं, घाईत गिळलं मी.”

त्या दिवसापासून तो प्रत्येक घास जिभेवर सावकाश चाचपून खाऊ लागला.

“आता कुठे चवीनं जेवायला शिकलात,” साबिरा खुशीत म्हणाली.