दोन्ही पाय

बूटवाल्यानं चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि बायकोनं बनवलेल्या दुकानात तो गिऱ्हाईक म्हणून शिरला. दुकान लॅपटॉपवर होतं. पाटीची जागा कोरी होती. "मी पास केलं तरच माझं नाव," असं त्यानं बजावलं होतं, आणि नापास करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बायको मागे हाताची घडी घालून उभी राहिली. पन्नाशीत व्हिडिओ बघबघून ती कोडिंग शिकली होती. पहिल्या खेपेला गिऱ्हाइकाच्या टोपलीत फक्त डावा बूट पडायचा. तेव्हा घरात कुणी हसलं नाही, असं म्हणणं धाडसाचं होईल. "आई, तयार दुकानं मिळतात गं, फोटो टाकले की झालं," असं लेकीनं सांगून पाहिलं. पण तयार दुकानं बुटाचा नंबर विचारतात, आणि तो पाय मापल्याशिवाय बूट शिवत नसे.

त्यानं काळे बूट निवडले. नंबर लिहायला जागा शोधली. सापडेना. मग पत्त्याच्या चौकटीत 'आठ' लिहून पाहिलं.

'आधी कागदावर उभे राहा,' पडद्यावर उमटलं. 'पायाभोवती पेन्सिल फिरवा. फोटो पाठवा.'

"हे माझं वाक्य आहे," तो म्हणाला.

"मग काय शेजाऱ्याचं घालू?"

"गिऱ्हाईक पळेल, बाबा," बाजूला बसलेली लेक म्हणाली.

"पळू दे. बूट चावले की येईल परत."

कपाटातून कुणाच्या तरी डाव्या पायाचा कागद काढून त्यानं फोटो चढवला.

'दुसरा पाय?' पडद्यानं विचारलं. खाली एक पर्याय होता: 'दोन्ही सारखेच आहेत.' त्यानं हळूच बायकोकडे पाहिलं आणि तो दाबला.

'असं सगळ्यांनाच वाटतं. दुसरा पाय पाठवा.'

 त्यानं चष्मा काढून पुन्हा पुसला. या वेळी काचा स्वच्छच होत्या.

"एका पायावर मलाही बूट देत नाही," तो लेकीला म्हणाला, जणू शाळेतून बक्षीस आल्याचं सांगावं तसं. "नाव घाल. मोठ्या अक्षरात."

त्यानं नाड्या सोडल्या, जमिनीवर कागद पसरला आणि डावा पाय त्यावर ठेवला. "पेन्सिल सरळ धर हं," तो बायकोला म्हणाला.

"अहो, हलू नका तुम्ही."

लेकीनं पाटीवर नाव चढवलं. ते बघायला तो कागदावरून उतरू लागला.

"दुसरा पाय," बायको मान वर न करता म्हणाली.