हिराच्या होडीचे बांगडे

बँक काही केल्या उठेना. सारिकाने लॅपटॉप बंद केला, पुन्हा उघडला. पडद्यावर तीच लाल ओळ.

दारात मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या जानकीचा जीव खालीवर होत होता. उद्या धामापूरच्या भगवतीची जत्रा, आणि सून लग्नानंतर पहिल्यांदाच जत्रेला आली होती. कंपनीच्या वेबसाइटवर पैसे भरायचा भाग तिने लिहिला होता. तो आज चालवून दाखवला नाही, तर साहेब तिला संध्याकाळच्याच गाडीने पुण्याला बोलावणार होते. नेमकं आजच बँकेकडचं मशीन बंद पडलं होतं.

"चूक माझीच, आई," सारिका म्हणाली. "माझो प्रोग्राम स्वतः उठान त्याच एका बँकेकडे जाता. ती निजली की ह्योय आडवो. आता तेका सांगतंय, तू खंय जाव नको. बँक आमी भायरसून तुझ्या हातात देतलो. आज तालमीची, म्हंजे लटकी बँक, उद्या खरी."

"आणि तेका कळाचा नाय?"

"पैसे मिळाले काय नाय, इतक्याच तेका व्हया. देणारो कोण, ता तेणा इचारूचाच नाय."

जानकीने नाक मुरडलं. "तुझ्या मशीनाक जीभ नाय म्हणान. माझ्या तिखल्याक हिराच्या होडीचोच बांगडो लागता. दुसऱ्याचो घाल, पयल्या घासाक सांगतंय."

सारिका हसली आणि कामाला लागली.

जेवणवेळेआधी साहेबांचा फोन आला. तालमीच्या बँकेवर सगळं चोख चाललं होतं. "जत्रा करूनच या," ते म्हणाले. जानकीने तिथूनच भगवतीला हात जोडले.

तेवढ्यात हिरा अंगणात आली. डोक्यावरची पाटी उतरवून तिने चुंबळ झटकली. जानकीने एक बांगडा उचलला, कल्ला वर करून सुनेपुढे धरला.

"बघ. ह्येका म्हणतत घरच्या होडीचो मासो. हिरा, सांग गो हिका."

हिराने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

"वयनी, माझो पोरगो नितेश मुंबैक नोकरेक लागलो तेवाच आमची होडी विकली. तेच्या मागसून तुमका बाबलीच्या होडीचे बांगडे हाडून देतंय. तुमी कधी इचारल्यातच नाय."