घासातला खडा

कासव मेलं की अख्खं घर वहिनीच्या दिराच्या घशात जाणार होतं. कारण सासरे जाताना बजावून गेले होते, "माझं कासव जगेल तोवर विधवा सुनेला इथून कुणी हलवायचं नाही."

मग कासवाने खाणं सोडलं. पोटात खडे अडकलेत, डॉक्टर म्हणाले. वहिनीने त्याला रोज कोमट पाण्यात बसवलं. एका सकाळी खडे पडले. निळे, दिराच्या माशांच्या पेटीतले.

वहिनीने दिराला जेवायला वाढलं.

"वहिनी, घासात खडा!" दीर गाल धरून ओरडला.

"तुमचाच आहे, भाऊजी. कासवाला काही पचला नाही."

"शी! धुतला तरी होता का?"

"तुम्ही धुऊन भरवला होतात?"

कासवाचं पोट मोकळं झालं, घर वहिनीकडे राहिलं. गेली ती फक्त दिराची दाढ.